रोज झाडूनही सकाळी पुन्हा थर: घरातल्या कार्यशाळेच्या बारीक धुळीचं काय करायचं?

प्रश्न: घराला लागून असलेल्या साधारण तीन बाय चार मीटरच्या खोलीत मी लाकडी खेळणी आणि छोट्या पेट्या बनवते. एक छोटा टेबल सॉ, नक्षी कापायचा बारीक पात्याचा एक स्क्रोल सॉ आणि घासायचा हातातला ऑर्बिटल सॅन्डर, एवढीच यंत्रं आहेत. माल बहुतेक एमडीएफ (लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेला बोर्ड), कधीमधी साग नाहीतर शिसव. काम करताना उकडतं म्हणून पंखा लावते आणि घराकडचं दार उघडं ठेवते. तोंडाला कापडी मास्क असतो. मागच्या वर्षी छताला टांगायचा हवा गाळणारा फिल्टर बसवला, तो काम चालू असेपर्यंत सुरू असतो. संध्याकाळी सगळं झाडून घेते, तरी सकाळी फळ्यांवर पांढुरका थर असतोच. आता तो आतल्या खोल्यांतही दिसायला लागलाय. सासूबाईंना दमा आहे, त्यांचा खोकला वाढलाय. माझंही नाक संध्याकाळी चोंदतं. याहून मोठा फिल्टर घेऊ का? की हे काम घरात करणंच चुकीचं आहे?

उत्तर: काम बंद करायची गरज नाही, आणि मोठा फिल्टरही आत्ता घेऊ नका. पण सासूबाईंना दमा आहे, म्हणून दोन गोष्टी आजच करा, बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. काम चालू असताना आणि त्यानंतर निदान तासभर घराकडचं दार बंद ठेवा. आणि तो पंखा बंद करा. पंखा धूळ कमी करत नाही, ती खोलीभर फिरवतो आणि उघड्या दारातून घरात ढकलतो. आतल्या खोल्यांत थर दिसायला लागण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

आता सकाळच्या थराबद्दल. तुम्ही नीट झाडत नाही असं अजिबात नाही. टेबल सॉखाली जो भुसा पडतो त्याचे कण मोठे असतात, ते काही सेकंदांत खाली येतात. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण डोक्याच्या उंचीवरून स्थिर हवेत जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच उंचीवरून खाली यायला बारा तासांच्या आसपास लागतात, आणि खोलीतली हवा कधीच पूर्ण स्थिर नसते. (माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण सुटे सुटे डोळ्यांना दिसतच नाहीत.) तुम्ही संध्याकाळी झाडता तेव्हा दिवसभराची बारीक धूळ अजून हवेतच असते, शिवाय झाडूने खाली बसलेलीही पुन्हा वर उडते. ती रात्रभर हळूहळू उतरते आणि सकाळी फळीवर दिसते. फळीवर बसलेली धूळ पुन्हा उडत नाही तोवर काही करत नाही. पण ती धूळ काल संध्याकाळी तुमच्या नाकासमोर होती, आणि आपल्याला विचार तिचाच करायचाय.

हा विचार गांभीर्याने करण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावाच्या परिसरात, नाकाच्या पोकळीचा एरवी फार दुर्मीळ असलेला कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांत जास्त दिसतोय, हे १९६०च्या दशकात एस्मे हॅडफिल्ड या नाक-कान-घशाच्या शल्यविशारद बाईंच्या लक्षात आलं. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगाला निश्चित कारणीभूत असणाऱ्या गटात घातलं. घाबरू नका. ते कारागीर वर्षानुवर्षं, दिवसाचे आठ-आठ तास धूळ खात होते. तुमच्यासाठी आणि सासूबाईंसाठी जवळचा धोका दम्याचा, ॲलर्जीचा आणि नाकाच्या जुनाट सुजेचा आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

किती धूळ म्हणजे जास्त, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करून बघू. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या ठिकाणची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम आहे, युरोपीय संघात ती २ मिलिग्रॅम. तुमच्या खोलीची उंची ३ मीटर धरली तर आत ३६ घनमीटर हवा आहे. म्हणजे सगळ्या खोलीच्या हवेत मिळून जेमतेम ०.१ ग्रॅम धूळ तरंगत असली की ब्रिटनची मर्यादा गाठली. सॅन्डरच्या पिशवीतून एका बैठकीनंतर किती पूड निघते ते तुम्ही पाहिलंच असेल. पिशवीत न सापडलेल्या धुळीचा एक छोटासा हिस्सा एवढी पातळी गाठायला पुरतो.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: धूळ जिथे तयार होते तिथेच, ती हवेत जायच्या आत पकडायची. छताचा फिल्टर कितीही मोठा घेतला तरी धूळ आधी बाकावरून उठते, तुमच्या चेहऱ्यासमोरून जाते आणि मग त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याचा उपयोग आहे, पण तो नंतरचा.

सुरुवात सॅन्डरपासून करा. तुमच्या तीन यंत्रांत सगळ्यात बारीक धूळ तोच करतो, आणि ती पकडायलाही तोच सगळ्यात सोपा आहे. त्याच्या मागची छोटी पिशवी काढून ठेवा. तिच्या कापडातून जाड पूड अडते, बारीक धूळ आरपार निघून जाते. पिशवीच्या जागी व्हॅक्यूमचा पाइप जोडा. मग सॅन्डर उलटा करून त्याचा तळ नीट पाहा. पॅडला भोकं असतात, ओढलेली धूळ त्यातूनच आत जाते. काचपेपर लावताना त्याची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसली पाहिजेत. अर्धवट सरकलेला कागद म्हणजे निम्मं बंद केलेलं तोंड. आधीच जाळी असलेला काचपेपर मिळाला तर तो घ्या. त्यात धूळ पूर्ण पृष्ठभागातून ओढली जाते, भोकं जुळवायचा प्रश्नच राहत नाही, आणि कागद लवकर चोंदत नसल्याने टिकतोही जास्त. कामाला लागताना आधी व्हॅक्यूम, मग सॅन्डर चालू करा. बंद करताना आधी सॅन्डर, आणि व्हॅक्यूम पुढे थोडा वेळ चालू राहू द्या. सॅन्डर पूर्ण थांबेपर्यंत लाकडावरून उचलू नका, नाहीतर फिरत्या चकतीवरची सगळी पूड बाजूला भिरकावली जाते.

पाइप जोडून झाला की एक चाचणी करा. खोलीत अंधार करा आणि एक चांगला प्रखर टॉर्च सॅन्डरच्या पलीकडे असा ठेवा की झोत कामावरून तुमच्या दिशेने येईल, पण थेट डोळ्यांवर नाही. मग एमडीएफच्या तुकड्यावर अर्धा मिनिट सॅन्डर चालवा. एरवी स्वच्छ दिसणाऱ्या हवेत कुठून धूर उठतोय ते लख्ख दिसेल: पॅडच्या कडेने, पाइपच्या सांध्यातून, कधी व्हॅक्यूमच्या मागच्या बाजूने. कारखान्यांची तपासणी करणारे लोकही झोतात धूळ पाहण्याची हीच पद्धत वापरतात. जिथून धूर दिसेल ती फट टेपने बंद करा आणि पुन्हा बघा. असं दोन-तीनदा केलंत की तुमच्या यंत्राचं वागणं तुम्हाला कुठल्याही माहितीपुस्तकापेक्षा चांगलं कळेल.

व्हॅक्यूमच्या मागून धूर दिसला तर तिकडे लगेच लक्ष द्या. साध्या फिल्टरचा व्हॅक्यूम एका तोंडाने भुसा आत घेतो आणि दुसऱ्या तोंडाने बारीक धूळ जोरात बाहेर फेकतो. अशा वेळी व्हॅक्यूम नसता तर बरं झालं असतं अशी गत होते. त्याला हेपा फिल्टर बसवा. हेपा म्हणवून घ्यायला अमेरिकी मापाप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावे लागतात. नुसतं ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर तो घेऊ नका. हेपा लवकर चोंदतो, म्हणून व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोनचं डबडं जोडणं फायद्याचं. त्यात हवा गोल फिरते, जाड पूड खालच्या बादलीत पडते आणि फिल्टरपर्यंत फक्त उरलेली बारीक धूळ जाते. ओढ टिकून राहते आणि फिल्टर पुष्कळ दिवस चालतो. पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर आधी हेपा, मग सायक्लोन, आणि मोठ्या छत-फिल्टरचा विचार त्याच्याही नंतर.

ओढण्याच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की बसवा, म्हणजे पाइप कुठे लावायचा ते दर वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण श्वास आत ओढून विझवायची तर ओठ ज्योतीला जवळजवळ टेकवावे लागतील. फुंकलेली हवा सरळ लांब जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. म्हणून पाइपच्या तोंडापासून त्याच्याच व्यासाएवढं अंतर गेलं की हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. १० सेंटिमीटरचा पाइप धुळीपासून १० सेंटिमीटर लांब ठेवलात तर त्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो. पाइप अगदी जवळ आणा, किंवा धुळीभोवती तीन बाजूंनी आडोसा उभा करा, म्हणजे हवा फक्त हव्या त्या बाजूने ओढली जाईल.

स्क्रोल सॉच्या बाबतीत नेमकी उलटी अडचण आहे. रेघ स्पष्ट दिसावी म्हणून त्यावर एक छोटी फुंकणी असते, आणि ती धूळ पात्यापासून उडवून सरळ तुमच्या चेहऱ्याकडे किंवा खोलीत पाठवते. पात्याच्या दुसऱ्या बाजूला, फुंकणीच्या समोर, व्हॅक्यूमचं एक चपटं तोंड बसवा, म्हणजे उडालेली पूड तिथल्या तिथे गिळली जाईल. पाइपची ओढ चांगली असेल तर फुंकणी बंद करूनही रेघ दिसते, करून बघा. टेबलाखालीही धूळ पडते. तिथे एक खोकं लावून त्याला दुसरा पाइप दिलात तर उत्तम.

टेबल सॉला व्हॅक्यूम पुरत नाही हे आधीच सांगतो. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी जाते, ताशी १७० ते २५० घनमीटरच्या घरात. सॅन्डरसारख्या बंद तोंडाला ती भरपूर होते. टेबल सॉच्या पोटातून मात्र सगळीकडून हवा येत असते, त्याला १०० मिलिमीटरच्या पाइपातून ताशी ६०० घनमीटर किंवा जास्त हवा ओढणारा डस्ट कलेक्टर लागतो. तो घेतलात तर पिशवीकडे लक्ष द्या. ३० मायक्रॉनची पिशवी तुमच्या उपयोगाची नाही, एक मायक्रॉनपर्यंत गाळणारी हवी. पाइप आखूड आणि सरळ ठेवा. घड्या असलेल्या लवचीक नळीत ओढ फार वाया जाते, म्हणून ती फक्त शेवटच्या हातभरापुरती. पण तुमचं काम पाहता मी वेगळाच सल्ला देईन. टेबल सॉ दिवसातून थोडाच वेळ चालत असेल, तर मोठे काप एकदम घ्या. आठवड्याची कापणी एकाच वेळी, जमल्यास दारं-खिडक्यांबाहेर मोकळ्या हवेत. खोलीतली धूळ इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशाने कमी होणार नाही.

सागाच्या आणि शिसवाच्या कामात रंध्याला पुन्हा जवळ करा. धार लावलेला रंधा सोलपटं काढतो, धूळ जवळपास नाहीच. शेवटचा हात पोलादी पट्टीच्या स्क्रॅपरने दिलात तर काचपेपरचे मधले दोन-तीन टप्पे गळून जातात. या दोन्ही लाकडांत त्वचेला आणि नाकाला ॲलर्जी आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे त्यांची पूड जितकी कमी होईल तितकं बरं. एमडीएफला मात्र रंधा चालत नाही.

आता खोलीच्या हवेकडे येऊ. भिंतीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवा, घराकडच्या दारापासून जितका लांब तितका चांगला. तो चालू असला की खोलीतला दाब घरापेक्षा किंचित कमी होतो, म्हणून दाराच्या फटीतून हवा घरातून कार्यशाळेत येते, कार्यशाळेतून घरात जात नाही. हे खरंच होतंय का ते पाहायला टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी दाराच्या खालच्या फटीसमोर धरा. पट्टी कार्यशाळेच्या बाजूला ओढली गेली तर ठीक. घराकडे झुकली तर हवा उलटी जातेय, पंखा कमी पडतोय किंवा कुठलीतरी खिडकी खेळ बिघडवतेय. इथे एक धोका टाळा. घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा धुराडं असलेलं उपकरण असेल, तर जोरदार एक्झॉस्ट त्याचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात ओढू शकतो. त्यासाठी दाराची फट पट्टीने नीट बंद करा आणि कार्यशाळेला बाहेरच्या हवेसाठी वेगळी झडप ठेवा, म्हणजे आत येणारी बहुतेक हवा तिथून येईल. उकाड्याचा प्रश्नही बऱ्याच अंशी यानेच सुटेल.

छताचा फिल्टर काढू नका, फक्त त्याची वेळ बदला. ताशी सहा वेळा खोलीची हवा बदलत असेल तर आधी तरंगणाऱ्या धुळीपैकी ९९ टक्के जायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे तुम्ही काम संपवून फिल्टर बंद करता तेव्हाच त्याची खरी गरज सुरू होते. तो काम थांबल्यानंतर तास-दीड तास चालू द्या. सकाळचा थर एवढ्यानेच पातळ झालेला दिसेल. आणि तो बाकाच्या बरोबर वर टांगला असेल तर बाजूला सरकवा. वर असला की धूळ तुमच्या चेहऱ्यावरून वर ओढतो.

कापडी मास्क बारीक धुळीपुढे टिकत नाही. धूळ कापडातून जाते आणि त्याहून जास्त कडेने जाते. बारीक कण अडवणारा एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्या, रोजचं काम असेल तर बदलायच्या पी १०० गाळणी-काडतुसांचा, नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क जास्त सोयीचा. मास्क लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. नाकाच्या कडेने डोळ्यांवर वारा जाणवला तर तार दाबून पुन्हा बसवा. मुख्य म्हणजे काम संपल्याबरोबर मास्क काढू नका. हवेत सगळ्यात जास्त धूळ त्याच वेळी असते. साफसफाईही मास्क लावूनच करायची.

साफसफाईत झाडूला पूर्ण रजा द्या. हेपा लावलेला व्हॅक्यूम आणि ओलसर फडकं, बस. कपड्यांवर, बाकावर कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. कामाचा एक जाड ॲप्रन आणि टोपी कार्यशाळेतच टांगून ठेवा, ते घरात येता कामा नयेत. केसांत आणि बाहीत अडकलेली पूड उशीपर्यंत जाते. व्हॅक्यूमची टाकी भरू देऊ नका, आणि धातू घासताना ठिणग्या उडतील असं कुठलंही काम याच व्हॅक्यूमवर करू नका. पेटती ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसत राहते.

उरला एमडीएफ. त्याची धूळ लाकडापेक्षा बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइड असलेलं राळेसारखं द्रव्य मिसळलेलं असतं. खेळण्यांसाठी मी तरी तो कमी करत नेईन. जिथे जमेल तिथे भरीव लाकूड वापरा, आणि जिथे एमडीएफच हवा तिथे तुकडे मापात कापून आणा, म्हणजे तुमच्याकडे फक्त कडा घासायचं काम राहील. कडा कच्च्या सोडू नका, सगळीकडून सीलर लावून बंद करा.

शेवटी तुमच्या नाकाबद्दल. सुट्टीच्या दिवशी किंवा गावाला गेल्यावर नाक मोकळं होतं का, हे दोन-तीन आठवडे वहीत टिपून ठेवा. होत असेल तर ते धुळीचंच लक्षण धरा आणि डॉक्टरांना भेटा. भेटताना कुठली लाकडं, कुठला बोर्ड, दिवसाचे किती तास, हे लिहून न्या. नुसतं ‘घरी थोडं सुतारकाम करते’ म्हटलं तर त्यांना दिशा मिळणार नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांनाही हीच यादी दाखवा, कारण शेजारच्या खोलीत लाकडाची धूळ आहे हे त्यांना बहुधा माहीतच नसेल. आणि त्यांची झोपायची खोली कार्यशाळेच्या भिंतीला लागून असेल, तर एक्झॉस्ट बसेपर्यंत ती बदलता आली तर बदला.